सुवाच्य मांडणी : मोडी कागदापासून संगणकाच्या आज्ञावलीपर्यंत

(ग्वाल्हेर येथे मराठी शिक्षक व नागरिक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्वाल्हेरमध्ये सुवाच्य लेखनाविषयी बोलू लागले की प्रथम मोडीचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. दौलतराव शिंदे यांनी 1810 च्या सुमारास येथे आपला तळ दिला आणि त्या छावणीतूनच पुढे लष्कर ही वस्ती उभी राहिली. दरबारातील मराठी पत्रव्यवहार मोडीत चाले. मोडी लिहिणारा कारकून आधी आडवी रेघ ओढी आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत जाई. शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. लिहिणाऱ्याचा वेळ वाचे, परंतु वाचणाऱ्याची कसोटी लागे. 'जमीनदारासमोरमोजली' एवढाच मजकूर समोर आला, तर जमीनदारासमक्ष मोजणी झाली, की दारासमोरील जमीन मोजली? शब्द कोठे तोडावा यावर एखाद्याचा हक्क अवलंबून राहू शकतो. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले महादजी शिंदे यांच्यासंबंधीचे ऐतिहासिक कागद 1937 साली ग्वाल्हेरहून छापून निघाले. असे कागद आज आपण बाळबोध अक्षरांत सहज वाचतो, याचे कारण कोणीतरी आधी शब्द सुटे करण्याचे कष्ट घेतलेले असतात.

हीच अडचण आज संगणकाच्या लेखनात नव्या रूपाने उभी आहे. संगणकाने काय करावे हे ज्या भाषांत लिहितात, त्यांपैकी जावास्क्रिप्ट ही एक प्रमुख भाषा होय. अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आईक यांनी 1995 साली अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा तयार केला. आज संकेतस्थळावरील अर्ज भरताना चुकलेला रकाना लाल होतो किंवा बेरीज आपोआप होते, त्यामागे बहुधा हीच भाषा असते.

या भाषेत कोणती आज्ञा कोणत्या अटीच्या पोटात आहे, हे महिरपी कंसांनी दाखविले जाते आणि आज्ञेच्या शेवटी अर्धविराम येतो. ओळी व मोकळ्या जागा कशा सोडल्या आहेत, याचे संगणकाला फारसे सोयरसुतक नसते. म्हणून शेकडो आज्ञा एकाच ओळीत कोंबल्या तरी काम चालते. कित्येकदा तर मजकूर दूरच्या संगणकावर लवकर पोहोचावा म्हणून मोकळ्या जागा मुद्दाम काढून टाकतात आणि लांब नावांच्या जागी एकेक अक्षर ठेवतात. यंत्राला ते कळते. माणसाला मात्र ते मोडीहूनही दुर्बोध होते.

अशा मजकुराची मांडणी करून देणारी साधने आहेत. सी या भाषेसाठी 'इंडेंट' नावाचे साधन 1976 च्या सुमारास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तयार झाले. जावास्क्रिप्टसाठी जेम्स लाँग यांनी 2017 साली 'प्रिटियर' हे साधन प्रसिद्ध केले. त्याची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. ते प्रथम सर्व मजकूर वाचून व्याकरणाप्रमाणे त्याची एक वंशावळ मांडते : कोणत्या अटीच्या पोटी कोणती आज्ञा, तिच्या पोटी कोणती. मग मूळची ओळींची मांडणी बहुतांशी बाजूस ठेवून, त्या वंशावळीवरून सर्व मजकूर ठराविक नियमांनी पुन्हा लिहून काढते. पोटातील आज्ञा समासापासून दोन घरे आत सरकते आणि ओळ साधारणपणे ऐंशी अक्षरांच्या आत ठेवली जाते. अवतरणचिन्हांतील मजकुराचा अर्थ मात्र यत्किंचितही बदलत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मांडणी म्हणजे दुरुस्ती नव्हे. जावास्क्रिप्टमध्ये 'रिटर्न', म्हणजे 'उत्तर परत दे', या शब्दानंतर लगेच नवी ओळ सुरू केली, तर आज्ञा तेथेच संपली असे संगणक मानतो; खालच्या ओळीतील उत्तर तसेच पडून राहते. मांडणीचे साधन ही चूक सुधारीत नाही. ते 'रिटर्न'पुढे अर्धविराम घालून यंत्राने लावलेला अर्थ जसाच्या तसा उघडा करते. चूक डोळ्यांसमोर येते. ती सुधारणे हे माणसाचे काम राहते. उत्तम लिप्यंतरकारही शब्द सुटे करतो, पण कागदात नसलेला शब्द पदरचा घालीत नाही. तद्वतच, काढून टाकलेली मूळ नावे व टिपा हे साधन परत आणू शकत नाही. कागदाचा फाटलेला कोपरा लिप्यंतराने जुळत नाही.

आपणांस याचे काय, असे ग्रामस्थ बंधू विचारतील. महाराष्ट्रात सात-बाराचा उतारा आणि इकडे मध्यप्रदेशात खसरा आता संगणकावरून मिळतो. त्यामागील आज्ञावली लिहिणारा मनुष्य उद्या दुसरीकडे जाईल. त्याच्या जागी येणाऱ्याला ती वाचता आली नाही, तर क्षेत्राच्या हिशेबातील चूक कोण शोधणार? खेटे मात्र शेतकऱ्याला घालावे लागणार. म्हणून अधिकाऱ्यांनी काम स्वीकारताना मूळ, नावे व टिपा असलेली, सुवाच्य आज्ञावली मागून घ्यावी. केवळ चालते एवढ्यावर समाधान मानू नये. तसेच मांडणीतील बदल आणि अर्थातील बदल यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे खरा बदल कोणता हे तपासणाऱ्याला चटकन दिसेल.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. याच नगरीत 1997 पासून माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था उभी आहे. तेथपर्यंत आपली मुले पोहोचावीत असे वाटत असेल, तर शुद्धलेखनाच्या वहीत समास सोडण्याची जी सवय आपण लावतो, तीच येथेही लावावी. विद्यार्थ्याने प्रथम स्वतःच्या हाताने मांडणी करावी, नंतर साधनाकडून ती तपासून घ्यावी आणि शेवटी शेजारच्या विद्यार्थ्याला वाचावयास द्यावी. त्याला न विचारता कळले, तर लेखन साधले असे समजावे.

आपण लिहितो ते पुढच्या माणसाच्या हाती जाणार आहे, ही जाणीव जुन्या दप्तराला जितकी लागू आहे, तितकीच नव्या यंत्रालाही.