आधी तुकडा, मग औषध



गुजरात-महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या या सभेत अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. बडोद्यात १९०७ पासून, अलेम्बिक कंपनीच्या स्थापनेपासून, औषधं तयार होताहेत आणि १९४९ पासून इथलं मेडिकल कॉलेज डॉक्टर घडवतंय.

जठराच्या कॅन्सरवरच्या टार्गेटेड औषधांच्या ट्रायल्सचा अध्यक्षाने आढावा घ्यावा अशी अपेक्षा आहे. घेते. पण पॅथॉलॉजिस्टच्या हाती असा माइक क्वचित येतो, आणि बरीच वर्षं मनात साठलेलं आज बोलून टाकणार आहे. या ट्रायल्सचं भवितव्य एन्डोस्कोपीच्या टेबलावर ठरायला लागतं, आणि नेमकं तिथेच आपलं दुर्लक्ष आहे.

२०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेली टोगा ट्रायल आठवा. २४ देश, त्यात भारतही. सुमारे ३८०० रुग्णांचे तुकडे तपासले, तेव्हा कुठे ५९४ जण ट्रायलमध्ये आले. केमोच्या जोडीला ट्रास्टुझुमॅब दिलं, तर आयुर्मानाचा मध्यांक ११.१ महिन्यांवरून १३.८ वर गेला. आपल्याकडे एवढंच पाठ केलं जातं. त्याच शोधनिबंधात पुढे आहे की हर-टू प्रथिन ज्यांच्या गाठीत भरपूर होतं, त्यांच्यात हाच फरक ११.८ आणि १६ महिन्यांचा आहे. औषध तेच, डोस तोच. फरक गाठीचा होता, आणि तो स्लाइडवर दिसत होता.

आणि फसलेल्या ट्रायल्स? सेटुक्सिमॅबची एक्स्पांड आणि पॅनिटुमुमॅबची रियल-थ्री, दोन्ही २०१३ साली जाहीर झाल्या. लक्ष्य होतं ईजीएफआर, पण ते गाठीत आहे की नाही हे पाहून रुग्ण निवडलेच नव्हते. २०१७ च्या गॅट्स्बीत ट्रास्टुझुमॅबवर जोडलेलं नवं औषध दुसऱ्या फळीत टॅक्सेनपुढे टिकलं नाही. तिथे पुन्हा तुकडा घेण्याची अट नव्हती. पहिल्या उपचारानंतर कित्येक गाठींतलं हर-टू नाहीसं होतं, हे आज आपल्याला ठाऊक आहे. डेस्टिनी-गॅस्ट्रिक०४ मध्ये नवा तुकडा सक्तीचा केला, तेव्हा ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅनने १४.७ महिने दिले, समोरच्या गटात ११.४. आढावा मी इथेच थांबवते. बाकीचं छापील पुस्तिकेत आहे.

आता माझ्या टेबलावर काय येतं ते ऐका. इंजेक्शनची रिकामी बाटली, अरुंद तोंडाची, त्यात सलाइन, आणि तळाला तांदळाच्या कणीएवढा एकच तुकडा. तोही व्रणाच्या मधल्या कुजलेल्या भागातला, कडेचा नाही. नाव झाकणावर लिहिलेलं, बाटलीवर काही नाही. कितीला काढला, कधी बुडवला, काही नोंद नाही. जठराच्या गाठीत हर-टू सगळीकडे सारखं नसतं. इथे आहे, दोन मिलिमीटर पलीकडे नाही. म्हणून सहा ते आठ तुकडे लागतात, दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, किमान सहा तास आणि बहात्तरच्या आत. त्याच तुकड्यातून आता पीडी-एल१, एमएमआर आणि क्लॉडिनही पाहायचं आहे. एका कणीतून चार तपासण्या कुठून काढू?

पादऱ्याकडचे एक शेतकरी होते. बाहेरून आलेला तुकडा वाळून कोळ झालेला. मी ‘नमुना अपुरा’ असा रिपोर्ट दिला आणि पुन्हा एन्डोस्कोपी करा म्हणून फोन केला. तारीख मिळेपर्यंत त्यांच्या पोटात पाणी झालं, अन्न उतरेना. ज्या ट्रायलसाठी त्यांचा विचार चालला होता, तिचं दार बंद झालं. ते हर-टू पॉझिटिव्ह होते का? मला माहीत नाही, आणि आता कोणालाच कळणार नाही. याचा मला आजही संताप येतो.

सकाळच्या सत्रात वाद रंगला, की अडीच-तीन महिन्यांसाठी एवढा खर्च करावा का. माझ्यापुरता तो वाद रावपुऱ्यातल्या एका शिंप्याने मिटवला. तुकडे नीट आले होते, हर-टू तीन प्लस होतं, औषध वेळेवर सुरू झालं. माणूस दुकानात परतला, आणि पुढच्या दोन्ही जूनमध्ये शाळेचे गणवेश त्याने स्वतः मशीनवर बसून शिवले. मध्यांकाच्या पलीकडे निम्मी माणसं असतात. ती कोण, हे आधी ओळखता आलं पाहिजे.

दुसरा वाद, बडोद्यात ट्रायलच नको. त्याचं कारण, २००९-१० चा एचपीव्ही लशीचा प्रकल्प तेव्हाच्या बडोदा जिल्ह्यात, डभोई, शिनोर, कवांटमध्ये झाला. तो थांबवावा लागला, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने संमतीपत्रांवरून कडक ताशेरे ओढले. ते योग्यच होतं. पण म्हणून दार लावून घ्यायचं? शिनोरकडच्या एका आजोबांनी मला सरळ विचारलं होतं, “बेन, मारा पर अखतरो करशो?” म्हणजे, माझ्यावर प्रयोग करणार का? मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं, त्यांच्याच गाठीच्या पेशी दाखवल्या, कडेने उठलेला तपकिरी रंग दाखवला, औषध कुठे जाऊन बसतं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन आले, त्यालाही बघायला लावलं, आणि मग सही केली. स्वतःचा तुकडा पाहिलेल्या माणसाला संमती म्हणजे काय हे वेगळं समजावावं लागत नाही.

काही कामं आपण मिळून करायची आहेत. प्रत्येक एन्डोस्कोपी केंद्रात तयार फॉर्मॅलिनच्या रुंद तोंडाच्या बाटल्या हव्यात. वेळ नोंदवणारा एकपानी फॉर्म हवा, मसुदा मी देईन. तुकड्याचा मेणातला ब्लॉक रुग्णाच्या हाती देताना तो नीट बांधून द्या. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतून आलेले, मेण मऊ पडलेले ब्लॉक मी पाहिले आहेत. तुकड्यांची एखादी सामाईक पेढीही झाली पाहिजे. ती कुठे आणि कोणाच्या पैशाने, हे बसून ठरवू. एन्डोस्कोपी करणाऱ्या मंडळींनी जेवणानंतर जाऊ नये. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मी बाटल्या आणि स्लाइड्स मांडून ठेवल्या आहेत, चांगल्याही आणि वाईटही.