झोपडीतला राजा

'किंग लिअर' रंगभूमीवर पाहताना आम्हांस एक प्रश्न नेहमी पडे. राजा बोलतो, त्याच्या मुली बोलतात. पण ज्यांच्यावर त्याने राज्य केले ती रयत कोठे आहे? ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह या रशियन दिग्दर्शकाच्या १९७१ सालच्या चित्रपटात ती सर्वांआधी येते. चिंध्या पांघरलेली माणसे खडकाळ वाटेने किल्ल्याकडे निघाली आहेत. आत राज्याची वाटणी व्हायची आहे ना!

लिअर झालेले युरी यार्वेत हे एस्टोनियाचे नट. अंगाने अगदी किरकोळ. आम्हांला ते फार पटले. खुर्चीवरून उतरलेले मालक आम्ही पाहिले आहेत, असेच लहान दिसतात.

मग ते वादळ. मूळ नाटकात झोपडीत एकटा एडगर असतो, वेड्याचे सोंग घेतलेला. उघड्यावाघड्या गरिबांची आपण कधी फिकीर केली नाही, हे लिअर बोलतो ते झोपडीबाहेर, त्यांच्या माघारी. येथे झोपडी भिकाऱ्यांनी भरलेली आहे आणि राजाला त्यांच्यातच बसावे लागते. पास्तरनाकचे भाषांतर असूनही काव्य थोडे सुटले असेल, सुटू द्या. ज्यांच्याविषयी बोलायचे, त्यांच्यासमोर बोलणे किती जड जाते हे आम्ही वाटाघाटींत पुष्कळदा पाहिले आहे.

शेक्सपिअरचा विदूषक तिसऱ्या अंकानंतर नाहीसा होतो. कोझिन्त्सेव्हने त्याला शेवटपर्यंत ठेवला. प्रेते नेणारे शिपाई त्याला वाटेतून दूर लोटतात. तो पुन्हा पावा ओठाला लावतो. सूर शोस्ताकोविचचे. भोवती माणसे जळालेल्या गावाचा ढिगारा उपसू लागलेली असतात.