वाळवंटात चित्र काढायला जाताना



वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर येत्या मे महिन्यात मी जैसलमेरला निसर्गचित्रणाच्या निवासी शिबिराला चालले आहे.

आपल्या बदलापुरात पावसाळ्यात जलरंगाचा कागद वाळता वाळत नाही. प्र. अ. धोंडांनी जलरंगात रंगवलेला कोकणचा समुद्र आठवा. तसली ओल तिथे नाही. कोरड्या, तापल्या हवेत रंग पसरण्याआधीच सुकतो. म्हणून मार्चपासून दर रविवारी भर दुपारी उल्हास नदीकाठी सराव करते: कागद दोन्ही बाजूंनी भिजवायचा, ब्रश मोठा घ्यायचा, आकाश एका दमात संपवायचं.

संगणकावर केलेलं मागे घेता येतं, जलरंगात नाही. चाळिशीनंतर याची धास्ती वाटते. पण आधी नीट बघायचं आणि मग हात चालवायचा, हे चित्रकलेच्या तासाला इथेच शिकलो ना आपण? शिदोरी तीच नेतेय.