परमुलखातील स्वस्ताई

१९२२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात कॅनडातील 'टोरोंटो स्टार' ह्या वृत्तपत्रात पॅरिसहून आलेला एक लहानसा लेख छापला गेला. वर्षाकाठी एक हजार डॉलर गाठीस असलेल्या मनुष्यास पॅरिस शहरी मोठ्या सुखासमाधानाने राहता येते, असे त्या लेखाचे प्रतिपादन होते. लेखकाचे वय अवघे बावीस वर्षांचे, आणि नाव अर्नेस्ट हेमिंग्वे. पुढे कादंबरीकार म्हणून जगभर गाजलेला हा तरुण त्या वेळी एका वर्तमानपत्राचा परदेशस्थ बातमीदार होता, आणि खोलीचे भाडे व जेवणाचा खर्च ह्यांचे हिशेब मायदेशच्या वाचकांपुढे मांडीत होता. ही सारी किमया डॉलरच्या चढत्या भावाची आहे, ही गोष्ट त्याने मुळीच लपवून ठेवली नाही.

लेखात सांगितले ते खोटे नव्हते. पण सारे सांगितले होते असेही नव्हे. हेमिंग्वेच्या पत्नीस तिच्या माहेरच्या ठेवीतून वर्षाला तीन हजार डॉलरांच्या आसपास उत्पन्न येत असे. त्या जोडप्याने पॅरिसमध्ये जे बिऱ्हाड केले तेथे गरम पाण्याचा नळ नव्हता आणि शौचकूप जिन्याच्या वळणावर होता, हे खरे. परंतु ही गैरसोय त्यांनी हौसेने पत्करलेली होती. हौसेच्या काटकसरीत एक निराळेच सुख असते. कंटाळा येताच ती सोडून देता येते.

आता ही स्वस्ताई आली कोठून? पहिल्या महायुद्धापूर्वी एका डॉलरला पाच फ्रँकांहून किंचित अधिक मिळत. १९२२ च्या आरंभी बारा मिळू लागले, आणि १९२६ च्या जुलैमध्ये हा भाव पन्नासाच्या घरात जाऊन पोहोचला. फ्रान्सने युद्ध कर्ज काढून लढले होते. त्या कर्जाची फेड जर्मनीकडून मिळणाऱ्या खंडणीतून होईल ह्या आशेवर त्याचे अर्थमंत्री दिवस काढीत होते, आणि ती खंडणी ठरल्याप्रमाणे येत नव्हती. फ्रँक घसरला तशा पॅरिसमधील किमतीही चढल्या, पण तितक्या वेगाने नव्हे. घरभाडी तर युद्धकाळापासूनच्या कायद्यांनी जखडून ठेवलेली होती. डॉलरची धाव आणि भाकरीच्या भावाची चाल ह्यांत जे अंतर पडत गेले, त्या अंतरावर पॅरिसमधील अमेरिकन चित्रकारांचे व साहित्यिकांचे संसार उभे होते. अंतराची दुसरी बाजू फ्रेंच गृहस्थाच्या वाट्यास आली. आयुष्यभराची शिल्लक ज्याने सरकारी रोख्यांत विश्वासाने गुंतविली होती, त्याच्या त्या फ्रँकाचे मोल १९२८ साली कायद्याने निश्चित झाले तेव्हा ते युद्धापूर्वीच्या एकपंचमांशावर आलेले होते. १९२६ च्या उन्हाळ्यात परदेशी प्रवाशांनी भरलेल्या मोटारगाड्यांची पॅरिसच्या रस्त्यांत हुर्यो उडविण्यात आली, ह्याचे म्हणूनच फारसे नवल वाटावयास नको.

पॅरिस शहर स्वतः स्वस्त होते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या एका परदेशी लेखकाने देऊन ठेवले आहे. हेमिंग्वेच्या जुन्या बिऱ्हाडापासून पायी थोड्याच मिनिटांच्या अंतरावर, १९२८-२९ च्या सुमारास, जॉर्ज ऑर्वेल हा तरुण इंग्रज राहत होता. जवळचा पैसा संपला, कपडे गहाण पडले, आणि अखेर एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात भांडी घासण्याचे काम त्याने धरले. त्याचे वेतन फ्रँकांत होते. त्याच पेठेत, तोच पाव आणि तीच दारू विकत घेणाऱ्या ह्या मनुष्यास पॅरिस मुळीच स्वस्त वाटले नाही. १९३३ साली प्रसिद्ध झालेले त्याचे पुस्तक ही त्या उपासमारीची कैफियत आहे. एकाची कमाई समुद्रापलीकडची आणि दुसऱ्याची तेथल्याच तळघरातली, एवढाच काय तो फरक.

खुद्द हेमिंग्वेच्या नजरेतूनही ही गोष्ट सुटली नव्हती. त्याच १९२२ साली तो व त्याची पत्नी स्ट्रासबुर्गहून ऱ्हाईन नदी ओलांडून केल ह्या जर्मन गावी गेले. दहा फ्रँक मोडताच हाती सहाशे सत्तर मार्क आले. त्यांत दोघांचा सबंध दिवसाचा खर्च भागून एकशे वीस मार्क उरले. रस्त्याकडेच्या एका म्हातारीकडून त्यांनी बारा मार्कांची सफरचंदे घेतली. कॅनडाच्या चलनात ही किंमत दोन सेंटही भरत नव्हती. पांढऱ्या दाढीचा एक सभ्य जर्मन वृद्ध ते पाहत उभा होता. त्याने टोपी उचलून, काहीशा संकोचाने, सफरचंदांची किंमत विचारली. आकडा ऐकून तो हसला, एवढे आपल्याला परवडणारे नाही असे म्हणाला, आणि रस्त्याने निघून गेला. गावातील मिठाईच्या दुकानांत मात्र नदीपलीकडून आलेल्या तरुण फ्रेंचांची झुंबड उडालेली होती. पॅरिसमध्ये ज्यांचा फ्रँक डॉलरपुढे हतबल झाला होता, तेच लोक एक पूल ओलांडताच श्रीमंत झाले होते. त्या वृद्धाचे दैन्य अजून तळाला पोहोचावयाचे होते. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क पडू लागले.

ह्या खेळाचा सर्वांत विनोदी प्रवेश ऑस्ट्रियात झाला, आणि तो स्टेफान झ्वाइग ह्या व्हिएन्नावासी लेखकाने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवला आहे. युद्धानंतर तो साल्झबुर्ग येथे राहावयास गेला. हे गाव जर्मनीच्या सरहद्दीला अगदी लागून आहे. ऑस्ट्रियाचे चलन आधी कोसळले, तेव्हा शेजारचे बव्हेरियन लोक लोंढ्यांनी साल्झबुर्गमध्ये येऊन खरेदी करू लागले. अखेर जर्मन जकातदारांनी सरहद्दीवर झडती सुरू केली व माल अडविला. परंतु पोटात गेलेली बीअर जकातदारास जप्त करता येत नाही! रोज संध्याकाळी हे शेजारी मनसोक्त पिऊन, एकमेकांच्या आधाराने, आगगाडीकडे परतू लागले. पुढे ऑस्ट्रियाचे चलन स्थिरावले आणि मार्क गडगडला. मग साल्झबुर्गकर तीच आगगाडी धरून उलट दिशेने पिण्यास जाऊ लागले. झ्वाइगच्या सांगण्याप्रमाणे गावातील एका उत्तम हॉटेलात इंग्लंडमधील बेकार मजूर बराच काळ मुक्कामास होते. सरकारकडून मिळणाऱ्या बेकारी-भत्त्यावर त्यांना मायदेशच्या गलिच्छ वस्तीपेक्षा तेथे राहणे स्वस्त पडत असे. मायदेशी ज्याची गणना दरिद्र्यांत होते तो पाचशे कोसांवर प्रतिष्ठित पाहुणा ठरतो, ह्याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

चलनाच्या पडझडीतून आलेली स्वस्ताई चलन सावरले की मावळते. १९३३ नंतर डॉलरचे मोल घटले, एका डॉलरला सुमारे पंधराच फ्रँक मिळू लागले, आणि मंदीने आधीच खंगलेली पॅरिसमधील अमेरिकन वसाहत पांगली. परंतु जगात दुसऱ्या एका प्रकारची स्वस्ताई आहे, ती वर्षानुवर्षे टिकते. तिचे कारण बेला बालाश्शा आणि पॉल सॅम्युएलसन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ साली, परस्परांपासून स्वतंत्रपणे, मांडून दाखविले. पोलाद, पेट्रोल, यंत्रे ह्या वस्तू जहाजातून देशोदेशी जातात. त्यांचे भाव सर्वत्र फार भिन्न राहू शकत नाहीत. केशकर्तन, धुणेभांडी, खानावळीतील जेवण, घराची डागडुजी ह्या गोष्टी जहाजात भरता येत नाहीत. त्यांची किंमत त्या त्या ठिकाणच्या मजुरीवर ठरते. न्यूयॉर्कचा न्हावी थायलंडमधील न्हाव्यापेक्षा काही अधिक चपळाईने वस्तरा चालवितो असे नाही; पण त्याच्या शेजारचा कारखाना अधिक उत्पादन करून अधिक पगार देतो, आणि न्हाव्यास टिकवावयाचे तर त्यालाही त्या मानाने द्यावे लागते. परदेशी राहावयास गेलेला पाश्चात्य मनुष्य 'येथे सारे किती स्वस्त!' असे जेव्हा म्हणतो, तेव्हा त्यातील बऱ्याच भागाचा अर्थ 'येथे मनुष्याचा दिवस किती स्वस्त!' असा असतो. मोटारगाडी किंवा परदेशी औषध घ्यावयास तो निघाला की हा उद्गार पुष्कळच मंदावतो.

महाराष्ट्रातील श्रोत्यांस हे गणित अगदीच अपरिचित नसावे. कोकणातील कित्येक घरे मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर अनेक पिढ्या चालली. कमाई महागाईच्या गावी आणि खर्च स्वस्ताईच्या गावी, हाच त्याही संसाराचा आधार होता. भेद इतकाच, की चाकरमानी स्वतः मुंबईच्या चाळीत दहा-बाराजणांच्या खोलीत वळकटी पसरून निजत असे; स्वस्ताईचा लाभ घरच्यांना. इकडे परदेशस्थ पाश्चात्य मनुष्याचा पैसा आणि तो स्वतः, दोघेही एकाच पत्त्यावर येतात.

असे येणाऱ्यांत आज वृद्धांची संख्या मोठी आहे, आणि त्यांना सरसकट ऐषारामी म्हणणे अन्यायाचे होईल. इंग्लंड-अमेरिकेत घरभाडे, घर गरम ठेवण्याचा खर्च आणि अमेरिकेत तर औषधपाणी, ह्यांनी साध्या निवृत्तिवेतनाचा चट्टामट्टा होतो. तेच वेतन स्पेनच्या किनाऱ्यावर किंवा चियांग माईसारख्या गावी मनुष्यास मानाने जगवते. पण ही मानमरातब फार बारीक दोऱ्याला टांगलेली असते. १९१६ सालचे नव्हे, २०१६ सालचे उदाहरण घ्यावे. त्या वर्षीच्या जूनमध्ये ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. एक पौंड मोडून जेथे १.३० युरोच्या आसपास मिळत, तेथे ऑक्टोबरपर्यंत १.१० च्या जवळपास मिळू लागले. स्पेनमधील इंग्रज पेन्शनराने काहीही केले नव्हते, भाजी तीच घेत होता, आणि त्याचे उत्पन्न सहाव्या-सातव्या हिश्शाने घटले. त्यातही स्पेनमधला इंग्रज भाग्यवान म्हणावयाचा, कारण त्याच्या सरकारी पेन्शनीत दरसाल वाढ होते. थायलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारत ह्या देशांत स्थायिक झालेल्यास ती वाढ मिळत नाही. तेथे जाताना जो आकडा होता तोच मरेपर्यंत गोठून राहतो. साठी-पासष्टीत ऐसपैस वाटलेली रक्कम ऐंशीव्या वर्षी, नेमकी दवाखान्याची वाट नित्याची झाली असता, अपुरी पडते. अमेरिकन वृद्धाची तऱ्हा निराळी. त्याच्या सरकारचा वृद्धांसाठीचा वैद्यकीय विमा देशाबाहेर बहुतेक प्रसंगी लागू पडत नाही. प्राप्तिकराचे विवरण मात्र तो जेथे असेल तेथून द्यावेच लागते.

दुसरा वर्ग तरुणांचा. २०२० च्या महामारीने कचेरीचे काम घरून करण्याची सवय लावली, आणि घर कोणत्या देशात असावे ह्यास मग बंधन उरले नाही. वेतन कॅलिफोर्नियाचे, बिऱ्हाड मेक्सिको शहरातील रोमा किंवा कोंदेसा ह्या पेठांत, अशी व्यवस्था हजारोंनी केली. २०२५ च्या ४ जुलैस ह्याच पेठांतून वाढत्या भाड्यांविरुद्ध मोर्चा निघाला, परदेशीयांविरुद्ध घोषणा झाल्या, काही दुकानांच्या काचाही फुटल्या. काचा फोडणे समर्थनीय नाही. आणि भाडे वाढविणारा घरमालक बहुधा मेक्सिकनच असतो, ही गोष्ट मोर्चेकऱ्यांनी सोयीस्करपणे बाजूस ठेवली, असेही म्हणता येईल. तथापि दहा हजार मिळविणाऱ्याच्या दारी चाळीस हजार मिळविणारा येऊन उभा राहिला तर घर कोणाला मिळावयाचे, ह्याचा निकाल तत्त्वज्ञानाने लागत नाही.

हे प्रमाण केवळ कल्पनेतले नव्हे. पोर्तुगाल सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरपासून अशा दूरस्थ काम करणाऱ्या परदेशीयांस निवासाचा खास परवाना देण्यास आरंभ केला. त्याची मुख्य अट अशी, की अर्जदाराचे मासिक उत्पन्न पोर्तुगालमधील किमान वेतनाच्या चौपट असले पाहिजे. २०२५ साली ते किमान वेतन ८७० युरो होते. म्हणजे पाहुण्याने किमान ३,४८० युरो दाखवावयाचे. अट घालण्यामागील हेतू सरळ होता: येणाऱ्याचा भार सरकारी तिजोरीवर पडू नये, त्याने खर्च करावा, दुकाने चालावीत. तशी ती चाललीही. लिस्बनमधील पडीक इमारती दुरुस्त झाल्या, उपाहारगृहे उघडली, पोरांना कामे मिळाली. भाडी मात्र ३,४८० च्या हिशेबाने चढत गेली आणि पगार त्या मानाने चढले नाहीत. घर खरेदी केल्यास निवासाचा हक्क देणारी दुसरी एक योजना सरकारने २०२३ साली बंद केली. तोवर जुन्या पेठांतील अनेक कुटुंबांनी बिऱ्हाडे हलविली होती.

लिस्बनच्या दक्षिणेस तेजो नदीचे पात्र इतके रुंद आहे की पलीकडचा काठ धुक्यात दिसेनासा होतो. त्या काठावर आल्मादा, सेइशाल, बार्रेइरू ही गावे आहेत. घरे तिकडे तुलनेने परवडतात. पहाटे तेथून नावा सुटतात, आणि लिस्बनमध्ये खाटा झाडणारे, कपबशा धुणारे, पाव भाजणारे लोक त्यांतून शहरात येतात. परदेशी भाडेकरू उठून न्याहारीस खाली उतरतो तोवर त्याची कॉफी तयार असते, आणि ती त्याला अजूनही स्वस्तच वाटते.