हौशी रेडिओ आणि संकटकाळचा निरोप



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अध्यात्म हे विषय शोभतात. तेथे आम्ही तारा आणि बॅटऱ्यांच्या गोष्टी घेऊन उभे राहिलो, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. परंतु विषय वाटतो तितका रुक्ष नाही. वेळेवर आणि बिनचूक पोचलेला निरोप माणसाचा जीव वाचवतो, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती पोचवून लोक निजले होते. चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला आणि दगडामातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. त्या दिवसांत हौशी रेडिओचालक आपली यंत्रे घेऊन तिकडे धावले. पुढे 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या हौशी प्रसारणासाठीच पोर्ट ब्लेअरला गेलेल्या होत्या. छंद बाजूला ठेवून त्यांनी अंदमानचे निरोप मुख्य भूमीकडे पोचवले. यंत्र तेथे आधीच उभे होते आणि चालत होते, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

कोणी विचारील, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना ही उठाठेव कशाला? मोबाईलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेस गोदावरी वाहते. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांना जायकवाडीचे दरवाजे उघडणे म्हणजे काय, हे आम्ही सांगावयास नको. ऑगस्ट 2006 चा पूर लोक विसरलेले नाहीत. अशा रात्री वीज गेली आणि मनोरा मुका झाला, तर गावाने कोणास हाक मारावी?

हौशी रेडिओस मधला मनोरा लागतोच असे नाही. मोटारची 12 व्होल्टची बॅटरी, एक यंत्र आणि प्रत्येकी सुमारे 10 मीटरचे तारेचे दोन तुकडे एवढ्यावर 40 मीटर पट्ट्यात काम चालते. तार फार उंच नसली तर लहरी वर जातात आणि आकाशातील विद्युत्भारित थरावरून परतून दिवसा शेदोनशे किलोमीटरच्या टापूत उतरतात. किल्लारी येथून सरळ रेषेत साधारण तेवढीच दूर आहे. हातात मावणारा दोन मीटर पट्ट्याचा संच मात्र वस्तीत थोडेच किलोमीटर पोचतो, टेकडीवरून अधिक.

आरंभ कसा करावा? केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षांचा मुलगा वा मुलगीही ती देऊ शकते. परीक्षेत रेडिओचे प्राथमिक शास्त्र आणि नियम विचारतात. खालच्या श्रेणीस मोर्सची कटकट नाही. परवान्याबरोबर ‘व्हीयू’ने सुरू होणारी हाकसंज्ञा मिळते. परवान्यावाचून बोलणे गुन्हा आहे. या लहरींवर धंदा करता येत नाही.

आता अंकीय पद्धतीविषयी. एका सरावात आम्ही अंबडकडून निरोप घेत होतो. ‘साठ घोंगड्या पाठवा’ असा निरोप. खरखरीत आम्ही ऐकले ‘सात’. सराव होता म्हणून हसलो. खऱ्या पुरात त्रेपन्न माणसे थंडीत कुडकुडली असती. संगणक यंत्रास जोडला की निरोप लेखी जातो आणि समोरच्या पडद्यावर अक्षरे उमटतात. नोबेल पारितोषिक मिळवलेले खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर व त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँक यांनी 2017 मध्ये ‘एफटी-8’ ही पद्धत काढली. कानाला न लागणारा क्षीण संकेतही ती वाचते. पण तिच्यात पंधरा सेकंदांच्या एका फेरीत मोकळा मजकूर जेमतेम 13 अक्षरांचा जातो. शिकण्यास ती उत्तम, पुराचा निरोप देण्यास तोकडी. त्यासाठी अखंड मजकूर धाडणाऱ्या दुसऱ्या पद्धती शिकाव्या. आणि यंत्र कोणतेही असो, निरोप आधी कागदावर लिहावा: कोणाकडून, कोणास, किती वाजता, काय. पोच मिळेपर्यंत काम संपले असे समजू नये.

एक पथ्य सांगतो. स्वयंसेवकाने पुढारी होऊ नये. निर्णय जिल्हा प्रशासनाने घ्यावा, आपण निरोप जसाच्या तसा पोचवावा. त्यात आपली भर घालू नये, ऐकीव बातमी पसरवू नये.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वडीलधारे सांगत आले. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातून चार माणसे, त्यांत एखादी शिक्षिका, एखादा वायरमन, दोन विद्यार्थी, एवढी तयार झाली आणि आठवड्यातून एक सायंकाळ त्यांनी एकमेकांस हाक देऊन ओ घेतली, तर विहीर खणली गेली म्हणावयाची. तिचे पाणी कधीच उपसावे न लागो. पण लागले, तर ते गढूळ नसावे.