गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगा

आम्ही वडगाव निंबाळकरच्या महिला बचत गटातून बोलतोय. बचत, कर्ज, हप्ते यांबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज विडी-सिगारेट सोडण्याच्या एका गोळीबद्दल बोलायचं आहे. त्यात आमची स्वतःची एक चूकही सांगायची आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मालकांना वीस वर्षांपासून विडीची सवय. खोकल्यानं घरात कुणाला झोप नाही. ताईंनी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं आणि मालकांना बारामतीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी लिहून दिली. नवव्या दिवशी मालकांनी ती आपल्या मनानं बंद केली. सकाळी मळमळ, रात्री भयंकर स्वप्नं. "या गोळीनं डोकं फिरतंय, त्यापेक्षा विडी बरी," म्हणाले. गोळ्या डब्यात पडून राहिल्या, हप्ता मात्र चालू राहिला.

ताईंनी हे बैठकीत सांगितलं, आम्ही माना डोलावल्या आणि ती गोष्ट चार घरी पोचवली. दुसऱ्या एका ताईंचे दीर डॉक्टरांकडे जायला निघाले होते, ते हे ऐकून घरीच राहिले. तेव्हा आम्हाला कळलं की आपण न विचारता बोलत सुटलो. मग आमच्यातल्या दोघी त्या नवराबायकोबरोबर परत डॉक्टरांकडे गेल्या. चिठ्ठी आणि उरलेल्या गोळ्या बरोबर नेल्या.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "गोळी कधी घेता? पोटात काय असतं?" मालक पहाटे उसाला पाणी द्यायला जाताना नुसत्या चहावर पहिली गोळी घ्यायचे आणि दुसरी रात्री अंथरुणावर पडता पडता. ही गोळी जेवून किंवा पोटभर खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ वाढते. रात्रीची गोळी संध्याकाळी थोडी लवकर घेतली तर झोपेचा त्रास कमी होऊ शकतो, असंही डॉक्टरांनी सांगितलं.

तंबाखूतलं निकोटीन मेंदूत ज्या जागी बसतं, तीच जागा ही गोळी धरते. त्यामुळे तलफ कमी होते आणि विडी ओढली तरी पहिल्यासारखी लागत नाही. सुरुवात थोड्या मात्रेनं करतात. पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅमची एक गोळी, चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत तीच दोन वेळा, आणि आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोन वेळा. साधारण १२ आठवडे घ्यावी लागते. आमच्या मालकांचा त्रास नेमका मात्रा वाढल्यावर वाढला होता. अशा वेळी डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, पण त्यांना कळलं तरच.

पूर्ण मात्रेत शंभरातल्या साधारण ३० जणांना मळमळ होते. झोप न लागणं, विचित्र स्वप्नं, डोकेदुखी, बद्धकोष्ठ हेही होतं. शिवाय विडी सुटली की माणूस तसाही चिडचिडा होतो, उदास होतो. त्रास गोळीचा की विडी सुटल्याचा, हे घरी बसून ठरवता येत नाही.

"डोकं फिरतं" ही भीती कुठून आली, तेही ऐका. ही गोळी अमेरिकेत २००६ साली आली. पुढे तिथल्या रुग्णांनी आणि घरच्यांनी कळवायला सुरुवात केली की काहींना फार उदास वाटतं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. त्यावरून २००९ साली तिथल्या सरकारी औषध खात्यानं गोळीच्या माहितीवर मोठा इशारा छापायला लावला. मग आठ हजारांहून जास्त लोकांवर मोठी तपासणी झाली. २०१६ साली तिचा निकाल आला. साधी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या मानानं मनाचे गंभीर त्रास या गोळीनं फारसे वाढलेले दिसले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात तो मोठा इशारा काढला. पण ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता, त्यांच्यात कुठलंही औषध दिलं तरी त्रास जास्त दिसला. म्हणून अशा माणसाकडे घरच्यांनी जास्त लक्ष द्यायचं.

काही लक्षणं दिसली तर मात्र वाट पाहायची नाही. माणूस मरणाची भाषा करू लागला, एकदम वेगळा वागू लागला, झटका आला, छातीत दुखलं, चेहरा-ओठ सुजले किंवा अंगावर फोड आले, तर गोळी थांबवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा.

गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सगळं सांगायचं. मूत्रपिंडाचा आजार, फिट, हृदयाचा त्रास, मनाच्या आजाराची औषधं, आणि दारूसुद्धा. या गोळीवर दारू घेतली तर काहींना ती जास्त चढते, केलेलं आठवत नाही. दम्याच्या काही गोळ्या, इन्सुलिन, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल, तर विडी सुटल्यावर त्यांची मात्रा बदलावी लागू शकते. आणि शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळी आणू नका.

त्रास झाला तर तो सरकारलाही कळवता येतो. औषधांच्या दुष्परिणामांसाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत नंबर आहे, आणि त्याचा फॉर्म मराठीतही मिळतो. तंबाखू सोडण्याच्या सल्ल्यासाठी १८००-११-२३५६.

हा दुसरा नंबर आपल्यासाठीही आहे. आम्ही डॉक्टरांकडून परत आलो तेव्हा मालक हसून म्हणाले, "माझी विडी सोडवताय, तुमच्या गटात मिश्री किती जणी लावतात?" आम्ही गप्प बसलो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यात विडी-सिगारेट ओढणारे शंभरात चारही नव्हते, पण तंबाखू खाणारे आणि मिश्री लावणारे २४ होते. त्यात आपण आहोतच. मिश्रीसाठी कुठलं औषध चालेल ते डॉक्टर ठरवतील, पण विचारायला लाज वाटू देऊ नका.

मालकांची गोळी डॉक्टरांनी कमी मात्रेनं परत सुरू केली. सहा आठवडे झाले. मध्ये एकदा लग्नात विडी ओढली, ताईंनी तेही डॉक्टरांना सांगितलं. आता ताई एका वहीत रोज लिहितात: गोळी किती वाजता, आधी काय खाल्लं, त्रास काय झाला. गटाच्या बैठकीत आम्ही ती वही नुसती ऐकतो, निकाल देत नाही. निकाल डॉक्टरांकडे. आणि ते राहिलेले दीर? पुढच्या गुरुवारी बाजाराला जाताना त्यांनाही घेऊन जाणार आहोत.