पुढचा टायर एका कडेने झिजतोय?



गटाची जुनी पिकअप असली की हप्त्यासोबत टायरच्या खर्चाचीही धास्ती असते. नवा टायर घातला तरी झिजतो, मग आपण टायरलाच दोष देतो. आधी टायर नीट बघा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली, गाडी एका बाजूला ओढते, तर चाक तपासायला हवं.

गाडी सपाट जागी लावा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर उचला. गाडीखाली कुणीही जायचं नाही. चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर बेरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट ढिला. एकीनं ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं, तर बहुधा बेरिंगच. मग डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा. तेव्हाच हललं तर टाय रॉड एंड बघा.

ढिला भाग बदलल्याशिवाय अलाइनमेंटला पैसे देऊ नका, ते माप टिकत नाही. गॅरेजवाल्या दादांना म्हणा, "आधी चाक हलवून दाखवा." आणि स्टिअरिंग थरथरत असेल तर माल उद्या जाऊ दे, गाडी आज रस्त्यावर काढू नका.